उष्णता उपसणारे यंत्र आणि वाशीमची रात्र

१/ युरोपात आज घर उबदार ठेवण्यासाठी हीट पंप बसवले जातात. या यंत्राचा विचार मात्र थंडीतून नव्हे, आपल्यासारख्या प्रदेशांतील उन्हाळ्यातून निघाला.

२/ स्कॉटलंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी तारुण्यातील दहा वर्षे दक्षिण आफ्रिकेतील केप येथे काढली होती. उष्ण देशांतील खोल्या गार करण्याची योजना त्यांनी १८५० च्या सुमारास मांडली: हवा दाबावी, दाबाने तापलेली ती निवू द्यावी, मग प्रसरण पावू द्यावी. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखवले की हेच तत्त्व उलट वापरून घर तापवता येते. तेही तोच कोळसा शेगडीत जाळण्यापेक्षा कमी खर्चात. कारण यंत्र उष्णता निर्माण करत नाही. मोट जसे विहिरीतले पाणी उपसते, तसे ते बाहेरच्या थंड हवेतील उष्णता उपसून आत आणते.

३/ कोळसा स्वस्त होता, म्हणून कल्पना बराच काळ बाजूला पडली. झुरिकच्या नगरभवनाने १९३८ मध्ये लिम्मत नदीच्या पाण्यातून उष्णता घेण्यास आरंभ केला.

४/ थॉमसन यांच्या लेखानंतर वर्षभरातच, १८५३ मध्ये, निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला. त्यातला बासीम, म्हणजे आजचे वाशीम, पयनघाटात नव्हे तर वरच्या बालाघाटात. विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्रजी संदर्भग्रंथ सांगतात की वऱ्हाडातील इतर जिल्ह्यांपेक्षा येथील हवा लोकांना अधिक मानवे: दिवसा उष्ण वारा, रात्री गार झुळूक.

५/ धाब्याचे घर या झुळुकीवरच उभे होते. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. दिवसाची उष्णता भिंतीत मुरत मुरत आत पोहोचेपर्यंत सांज होई. माणसे धाब्यावर निजायला जात आणि रात्र ती उष्णता काढून घेई. उष्णता आपणहून उताराने वाहत असल्याने पंपाचे कामच नव्हते. (या घरांचे गोडवे गाताना पावसाळ्यात गळणारे छत आणि दरवर्षीची माती टाकण्याची मेहनत विसरू नये. लोकांनी स्लॅब घातला तो उगाच नाही.)

६/ पण स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो. त्यावरचा उपाय कूलर. त्याला पाणी लागते नेमके एप्रिल-मे महिन्यांत, नळाला पाणी कमी असते तेव्हा. आणि जूनमधल्या दमट हवेत तो निष्प्रभ ठरतो. मग एसी येतो. हवेऐवजी शीतक वायू वापरणारा, पण स्मिथ यांच्याच विचाराचा वंशज. उलट फिरवता येणारा एसी म्हणजेच युरोपातला हीट पंप.

७/ तो उष्णता नष्ट करत नाही. बाहेरची पेटी ती गल्लीत सोडते, वर स्वतःच्या विजेचीही भर घालते. त्याच गल्लीत समोरच्या टिनाच्या छताखालची माणसे अजून रात्रीच्या झुळुकीवरच विसंबून असतात.