घरगुती बिअर-फ्रिज : वायुनळीचे छिद्र बुजवताना

अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरगुती सेवनासाठी बनवलेली बिअर संघीय करातून मुक्त झाली. या छंदाबरोबरच जुन्या फ्रिजमध्ये पिंप ठेवून नळाने बिअर घेण्याची पद्धतही तेथे रुजली. अशा फ्रिजला ‘केगरेटर’ म्हणतात. सुमारे १९ लिटरचा स्टीलचा पिंप आत बसतो. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर मात्र जागेअभावी अनेकदा बाहेर ठेवतात. त्यामुळे वायुनळीसाठी फ्रिजच्या भिंतीला छिद्र पाडणे क्रमप्राप्त ठरते.

हे छिद्र उघडे राहिल्यास बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरते. तिच्यातील बाष्प थंड भागांवर गोठून बर्फाचा थर साचतो आणि कॉम्प्रेसर अधिक काळ चालत राहतो. छिद्राच्या कडेला उघड्या पडलेल्या फोमच्या अस्तरातही ओल झिरपते व त्याची उष्णतारोधकता घटते. बाष्पाचा ओघ उबदार बाजूकडून थंड बाजूकडे असल्याने बाहेरील तोंड बुजवणे सर्वांत महत्त्वाचे. आतील तोंडही मोकळे सोडू नये.

छिद्राच्या धातूच्या कडेने नळी कापली जाऊ नये म्हणून तेथे रबरी कडे बसवतात. उरलेली फट सिलिकॉन सीलंटने किंवा न वाळणाऱ्या पुटीने भरतात. नळी कालांतराने बदलावी लागते. त्या दृष्टीने पुटी सोयीची, कारण ती सहज काढता येते. प्रसरण पावणाऱ्या फोमने नळी कायमची जखडून टाकणे गैरसोयीचे ठरते.

छिद्र पाडण्यापूर्वी शीतकाच्या नळ्या भिंतीत कोठून जातात, याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. अनेक नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील शीतक असतो. आडव्या फ्रीजरच्या भिंतींत बहुधा नळ्यांचे जाळे असते. म्हणून झाकणाखाली लाकडी चौकट बसवून छिद्र तिलाच पाडतात.

छिद्र बुजवल्याने वायूची गळती थांबते, हा मात्र गैरसमज होय. गळती होते ती नळीच्या जोडांतून. तिची तपासणी साबणाच्या पाण्याने स्वतंत्रपणे करावी लागते. लहान सिलिंडरमधील सव्वादोन किलो वायू मोकळा झाल्यास सुमारे १.२ घनमीटर जागा व्यापतो. दहा चौरस मीटरच्या, अडीच मीटर उंचीच्या बंद खोलीत त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकते. अमेरिकी आरोग्य-मानकांनुसार चार टक्के प्रमाणच जीवितास तत्काळ धोकादायक मानले जाते. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. तळघरात धोका त्यामुळे अधिक.

सारांश, छिद्र बुजवणे हा फ्रिजच्या रक्षणाचा उपाय आहे. माणसांच्या रक्षणासाठी घट्ट जोड, खेळती हवा आणि वापर नसताना बंद केलेली सिलिंडरची झडप यांना पर्याय नाही.