मांजराच्या आजारी पिल्लाची शुश्रूषा : घर, पांजरापोळ आणि दवाखाना

मांजराच्या आजारी पिल्लाला वाचवण्याचे काम इतिहासात जवळजवळ सर्व काळ घरातच झाले. दवाखाना त्यात फार उशिरा आला. पशुवैद्यक उभे राहिले ते राज्यकर्त्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या गरजेतून, त्यामुळे त्याचे लक्ष घोडा, हत्ती आणि गुरांवर होते. भारतात शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्या चालली, पालकाप्याच्या नावाने हस्त्यायुर्वेद लिहिला गेला. मांजरासाठी असा ग्रंथ कोणी लिहिला नाही. युरोपातही तीच गत होती. फ्रान्समध्ये ल्यों येथे १७६१ मध्ये क्लोद बूर्जला यांनी पहिली पशुवैद्यक शाळा काढली, लंडनची शाळा १७९१ मध्ये सुरू झाली. दोन्हींचे मुख्य गिऱ्हाईक लष्करी घोडे आणि गोठ्यातली जनावरे हे होते. मांजर उंदीर मारी, धान्य राखी, पण बाजारात त्याला किंमत नव्हती. एक मेले तर शेजारच्या माळ्यावर चार जन्मलेली असत. त्यावर पैसे खर्च करून उपचार करणे कुणाला व्यवहार्य वाटणार?

माणसाचा आणि मांजराचा सहवास मात्र जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी एका माणसाला पुरले, त्याच्यापासून हातभर अंतरावर एक मांजरही पुरलेले सापडले. सायप्रसला रानमांजर मूळचे नाही, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेले होते. इजिप्तमध्ये घरातले मांजर मेल्यावर घरचे लोक भुवया काढून शोक पाळत, असे हिरोडोटसने नोंदवले आहे. पण इजिप्तच्या मार्जारप्रेमाची ही एकच बाजू झाली. देवीला वाहायच्या ममींसाठी मांजरे मुद्दाम पैदा केली जात, आणि क्ष-किरण तपासणीत अशा अनेक पिल्लांची मान मोडलेली दिसते. देवीचे प्राणी म्हणून मान होता, तो प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला आला असे नाही.

तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातला पुरावा वेगळा आहे. हिंदुस्थानाशी मिरी-मसाल्याचा व्यापार करणारे हे रोमनकालीन बंदर. तेथील इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या एका दफनभूमीत पोलिश पुरातत्त्वज्ञांना ५८५ प्राण्यांचे अवशेष मिळाले; त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक मांजरे होती. ती ममी नव्हती, नवसाचीही नव्हती. काहींच्या गळ्यात मणी किंवा पट्टा होता, काहींवर कापड किंवा खापर झाकलेले होते. तेथे पुरलेल्या प्राण्यांमध्ये दात गेलेले म्हातारे प्राणीही आहेत. पाणी आणि धान्य बाहेरून आणावे लागणाऱ्या त्या ओसाड किनाऱ्यावर दात नसलेला प्राणी स्वतःच्या बळावर जगणे शक्य नव्हते. त्याला कुणीतरी मऊ करून भरवले असले पाहिजे. निरुपयोगी झालेल्या प्राण्याची घरगुती शुश्रूषा इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा जुना पुरावा क्वचितच सापडेल.

भारतात या कामाला संस्थेचे रूप आले ते गुजरातेत, जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांच्या पैशातून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने खंबायतेत लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी दवाखाने असल्याचे लिहून ठेवले. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी तिथेच गेला आणि त्याने पाहिलेले दृश्य या विषयाच्या इतिहासात फार मोलाचे आहे. आईबाप नसलेली उंदराची पिल्ले एका पेटीत कापसावर ठेवली होती. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा लावून त्यांची देखभाल करत होता आणि पक्ष्याच्या पिसाने त्यांना दूध पाजत होता. मोठी झाली की सोडून देणार, असे त्याने सांगितले. पिल्ले उंदराची होती, हा तपशील मांजराच्या बाजूने पाहता थोडा गमतीचा. पण पेटी, कापूस, थेंबाथेंबाने दूध आणि बरे झाल्यावर सोडणे ही कृती आज मांजराच्या पोरक्या पिल्लासाठी जे करतात तीच आहे. पिसाच्या जागी सुई काढलेली सिरिंज आली, एवढेच.

मुंबईत या परंपरेला रस्त्यावरच्या दंग्याने गती दिली. भटकी कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभा राहिला. पांजरापोळाचे तत्त्व जीव न घेण्याचे होते, रोग बरा करण्याचे नव्हे. जनावराला चारा, पाणी आणि छप्पर मिळे. पुढचे त्याच्या नशिबावर. मांजराच्या पिल्लासारख्या तासातासाने खचणाऱ्या जिवाला एवढे पुरत नाही.

महाराष्ट्रातल्या घरांची रीत यापेक्षा सैल होती. मांजर पाळले जाई, पण त्याची बाळंतपणे त्याची त्यानेच करायची. मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, असे म्हणतात. फडताळातून माळ्यावर, माळ्यावरून शेजारच्या गोठ्यात ती पिल्ले हलवत असे आणि या फिरतीत एखादे मागे राहून जाई. मागे राहिलेल्या पिल्लाला बशीत दूध, फार तर दूधभात मिळे. जास्त झालेली पिल्ले पोत्यात घालून मासळी बाजाराजवळ किंवा गावाबाहेर सोडून येण्याची पद्धतही होती आणि ती पूर्णपणे गेलेली नाही. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत मारण्याला आळा घाली. सोडून देण्याला तिचा अडसर नव्हता.

मांजराच्या रोगांकडे लोकांचे लक्ष गेले ते व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये, आणि त्यालाही कारण दयेपेक्षा हौस अधिक होती. चित्रकार हॅरिसन विअर यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि जातिवंत मांजराला किंमत आली. शेकडो मांजरे एका छपराखाली आली की रोगही एका मांजराकडून दुसऱ्याकडे जाणारच. मांजरपाळीच्या पुस्तकांत आजारांची प्रकरणे येऊ लागली. १८८९ मधले विअर यांचे स्वतःचे पुस्तकही त्यांतलेच. आजारी माणसाला जे द्यायचे तेच त्या काळी मांजरालाही दिले जाई : मांसाचा अर्क, थेंबभर ब्रँडी, अंगाला फ्लॅनेलचा कपडा. ऊब आणि खाणे हा त्यातला भाग योग्य होता, ब्रँडीचा नव्हता.

बेवारस पिल्लाच्या नशिबी हे नव्हते. लंडनमधील बॅटरसीच्या आश्रयगृहाने १८८३ पासून मांजरेही घ्यायला सुरुवात केली, पण तेथे १८८४ मध्ये बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी तयार केलेली वायूची कोठी बसवली गेली. रस्त्यावरून उचललेल्या आजारी प्राण्याला वेदनेविना मरण देणे हीच त्या काळची सुटका होती. उपचार करून जगवणे हे गरिबाच्या प्राण्यासाठी परवडणारे नाही, असे संस्थाही मानत. हे गृहीत मोडले ते मारिया डिकिन या बाईंनी. १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, त्यांनी लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका तळघरात फुकट दवाखाना उघडला. माणसे कुत्री-मांजरे कडेवर घेऊन येत, औषध घेऊन घरी जात आणि पुढची सेवा घरी करत. दवाखान्याने सांगावे आणि घराने करावे, ही आजची वाटणी तेथे रुजली.

मुंबईत परळला दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालय १८८० च्या दशकात उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा शहराची ट्रामदेखील घोडे ओढत होते आणि माल बैलगाडीतून जात होता. त्यामुळे रुग्णालयाचा भर साहजिकच कामाच्या जनावरांवर होता. घोड्याची ट्राम १९०५ मध्ये बंद झाली, मोटारी वाढल्या, आणि शहरातल्या दवाखान्याच्या दारात कुत्र्या-मांजरांची गर्दी हळूहळू वाढत गेली.

पिल्लांचा सर्वांत मोठा मारेकरी मात्र बराच काळ अनोळखी राहिला. काल खेळणारे पिल्लू आज कोपऱ्यात बसते, हिरवट-पिवळे ओकते, पाण्याच्या भांड्यावर मान लोंबकळत ठेवते पण पीत नाही, आणि दोन-तीन दिवसांत जाते. एकापाठोपाठ घरातली सगळी पिल्ले गेली की शेजाऱ्याने विष घातले असा संशय येई, आणि त्यावरून भांडणेही होत. हा विषाणूचा आजार असल्याचे फ्रान्समध्ये १९२८ मध्ये दिसून आले. १९३९ मध्ये हार्वर्डच्या विल्यम हॅमन आणि जॉन एंडर्स यांनी त्याची खूण नेमकी सांगितली : रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात. निरोगी मांजराच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या पाच हजारांहून अधिक असतात, या रोगात काही शेकड्यांवर येतात, आणि मग आतड्यातले साधे जंतूही पिल्लाला मारू शकतात. हेच एंडर्स पुढे पोलिओचा विषाणू पेशींवर वाढवण्याच्या पद्धतीसाठी १९५४ च्या नोबेलचे मानकरी झाले. त्याच धर्तीच्या पेशीसंवर्धनाने १९६० च्या दशकात मांजराचा हा विषाणूही प्रयोगशाळेत वाढवता आला आणि भरवशाच्या लसी निघाल्या.

या शोधाने घरचे नियम बदलले. हा विषाणू खोलीत वर्षभर तग धरतो, त्यामुळे एक पिल्लू गेलेल्या खोक्यात, त्याच गोधडीवर दुसरे पिल्लू ठेवणे म्हणजे त्याला रोगाच्या तोंडी देणे. पातळ केलेल्या ब्लीचने विषाणू मरतो. फिनाईलने फरशी पुसून काम भागत नाही. उलट त्यातले फिनॉल मांजराला विषारी ठरते.

शरीरशास्त्रानेही जुन्या घरगुती समजुती तपासल्या. नवजात पिल्लू सुमारे शंभर ग्रॅमचे असते आणि पहिले काही आठवडे स्वतःची ऊब राखू शकत नाही. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ थांबते, पाजलेले दूध पोटात तसेच साचते. म्हणून आधी ऊब आणि मगच दूध, हा क्रम ठरला. गाईच्या दुधात मांजराच्या दुधाच्या निम्म्याहून कमी प्रथिने असतात आणि दुग्धशर्करा जास्त, त्यामुळे बशीतल्या दुधाने अनेक पिल्ले जुलाबाने गेली. पिल्लू बाळासारखे उताणे धरून पाजले की दूध फुप्फुसात जाते. ते पालथेच, आईच्या कुशीत असते तसे, धरावे लागते. आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीही होत नाही, ते काम ओल्या कापसाने करावे लागते. सर्वांत घातक ठरली ती माणसाची ताप उतरवणारी गोळी. पॅरासिटामॉल निकामी करणारी प्रक्रिया मांजराच्या यकृतात फार दुबळी असते, म्हणून एक साधी गोळीही मोठ्या मांजराचा जीव घेते : हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे पशुवैद्यकाने मान्य केले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रिटनमध्ये जोन जड यांनी १९५८ मध्ये मांजरांसाठी सल्ला संस्था काढली. त्या स्वतः पशुवैद्य नव्हत्या, मांजरे पाळणाऱ्या होत्या. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे मार्जार आरोग्य केंद्र १९७४ मधले. डोळे चिकटवणाऱ्या आणि नाक चोंदवणाऱ्या मांजरी सर्दीचे दोन मुख्य विषाणू १९५० च्या दशकाच्या शेवटी सापडले होते, त्यांच्याही लसी आल्या. सर्दीने पिल्लू मरते ते बऱ्याचदा उपासमारीने. वास आला नाही तर मांजर खात नाही, म्हणून कोमट मिठाच्या पाण्याने नाक-डोळे पुसणे आणि खाणे किंचित गरम करून देणे, हे घरचेच उपाय आजही कायम आहेत.

शेवटचा मोठा बदल पुन्हा घरातच घडला. पोटात पाणी भरून पिल्ले मारणारा एक आजार बोस्टनच्या जीन होल्झवर्थ यांनी १९६३ मध्ये वर्णिला होता आणि पुढली पन्नासहून अधिक वर्षे त्याला इलाज नव्हता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाचे नील्स पेडरसन यांनी जीएस-४४१५२४ या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोरोनाकाळात माहीत झालेल्या रेमडेसिव्हिरचे हे सख्खे भावंड. ३१ मांजरांपैकी २६ जणांनी पूर्ण उपचार घेतले आणि त्यांतली २५ दीर्घकाळ जगली. औषधाला परवाना मात्र नव्हता. जगभरच्या मांजरवाल्यांनी ते चोरट्या बाजारातून मागवले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लू तोलून, वजनाप्रमाणे मात्रा काढून, सलग ८४ दिवस घरीच इंजेक्शने दिली. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांना हे औषध कायदेशीरपणे ऑगस्ट २०२१ पासून लिहून देता येऊ लागले, अमेरिकेत जून २०२४ पासून.