लाखाच्या चरख्याच्या अटी

माझा धंदा यंत्रदुरुस्तीचा. म्हणून वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना मी आधी शोधतो, यातला कुठला भाग गावच्या सुताराला करता येईल.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. त्याच्या अटी मला फार मोलाच्या वाटतात. किंमत दीडशे रुपयांच्या आत. यंत्र वीस वर्षं टिकावं. दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बाईला आपल्या झोपडीत ते आठ तास फार न दमता चालवता यावं. आणि बक्षीस हवं असेल तर पेटंटचा हक्क संघाच्या स्वाधीन करायचा. म्हणजे कल्पकाला भरघोस मोबदला, पण त्याची युक्ती कुलपात राहणार नाही. याहून न्याय्य सौदा मला ठाऊक नाही! आज माझ्याकडे राळ ओतून बंद केलेले सर्किट बोर्ड येतात. शेतकऱ्याने पैसे मोजलेले असतात, तरी आतलं काही त्याचं नसतं.

किर्लोस्करवाडीच्या गणेश भास्कर काळ्यांनी नेटाने यंत्र घडवलं, पण ते कसोटीला उतरलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. विचार मात्र पुढे सरकला. १९३४ मध्ये वर्ध्यात ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी त्याला जागा दिली, आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत तेलघाणी, जाती, हातकागद यांवर प्रयोग सुरू झाले. जो येईल त्याला शिकवायचं, ही तिथली रीत होती.