अंडी फुटायला साठ तास

घर काल्पनिक आहे. यातली एकेक गोष्ट मात्र कुठे ना कुठे रोज घडते.

शुक्रवार, संध्याकाळी ६
डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमध्ये डिस्कस माशांच्या जोडीने टाकीतल्या उपड्या कुंडीवर अंडी घातली. पाणी २९ अंश. एवढ्या उबेत अंडी साधारण ६० तासांत फुटतात, म्हणजे सोमवारी पहाटे.

शनिवार, दुपारी १२
काचेवर हिरवा थर. दिवसभर जळणारा दिवा आणि तळाशी कुजणारं उरलंसुरलं खाणं, ही त्याची कारणं. स्पंजने पुसायला पाच मिनिटं लागली असती. पण घरात ठरलं, ‘शेवाळ खाणारा’ आणायचा.

शनिवार, संध्याकाळी ५
दुकानात चार पर्याय होते. चायनीज अल्गी ईटर लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की चपट्या माशांना चिकटतो. ओटो गरीब, पण त्याला इतकी ऊब मानवत नाही. ब्रिसलनोज त्यातल्या त्यात बरा: १२-१५ सेंटिमीटरच्या आत राहतो, उष्णता सोसतो. अर्थात अंड्यांपाशी त्याचाही भरवसा नको. घरी आला तो सगळ्यांत स्वस्त, वीतभर सकर. “सगळी घाण साफ करेल, दादा.” हा फूटभर वाढतो, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

रविवार, सकाळी ९
सकर फिल्टरमागे दडून. त्याला काकडीची चकती नाही की तळाशी बसणारी गोळी नाही. शेवाळ आहे ना! एवढ्या देहाला काचेवरचा थर पुरत नसतो.

रविवार, रात्री १०
शेवाळ उजेडावर वाढतं, असं कुणीतरी सुचवलं. सगळे दिवे बंद झाले, अंड्यांसाठी ठेवलेला मंद बल्बसुद्धा. डिस्कस डोळ्यांनी राखण करतो. सकर निशाचर.

सोमवार, रात्री २
खालच्या बाजूला असलेलं तोंड कुंडीला चिकटवून सकर खरवडत वर चढला. अंधारात नर-मादी चाचपडत राहिले.

सोमवार, पहाटे ३:३०
अंडी संपली, भूक नाही. आता नराची कूस. डिस्कसच्या अंगावरचा बुळबुळीत थर नुसतं कवच नव्हे: पिल्लं पोहू लागली की आईबापांच्या अंगाला लुचून हाच थर खातात, पहिले काही दिवस त्यांचं अन्न तेच. तो पौष्टिक आहे आणि रुंद, सपाट अंगावर पसरलेला आहे. उपाशी सकरला आणखी काय हवं?

सोमवार, पहाटे ५:५०
दिवा लागला. कुंडी लख्ख. नराच्या कुशीवर दोन गोल, फिकट चट्टे. मादी काळवंडून कोपऱ्यात. काचेवरचं शेवाळ जवळपास होतं तसंच.

सोमवार, सकाळी १०
दुकानाने सकर परत घ्यायला नकार दिला. शेजारी म्हणाले, “तलावात सोडून द्या.” असेच कुणी कुणी सोडलेले सकर आज उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात, आणि या माशांना बाजारात गिऱ्हाईक नाही.