आईची प्रतिकारशक्ती, बाळाचे कवच

गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात. आईच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या दृष्टीने तो निम्मा परकाच असतो. तरीही आईचे शरीर त्याला नऊ महिने कसे सांभाळते, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. नियामक टी पेशी गर्भाविरुद्धची प्रतिक्रिया आवरून धरतात, हे त्याच्या उत्तराचा एक भाग आहे.

मात्र या काळात प्रतिकारशक्ती बंद पडते, असे नव्हे. आईच्या बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतच असतात. त्यांपैकी केवळ 'आयजीजी' प्रकारची प्रतिपिंडे वारेतून मोठ्या प्रमाणावर गर्भाकडे जातात. शेवटच्या तीन महिन्यांत हा ओघ सर्वाधिक असतो. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तातील त्यांचे प्रमाण आईइतके किंवा त्याहूनही अधिक असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र ही शिदोरी कमी मिळते.

धनुर्वाताचे उदाहरण

अस्वच्छ साधनाने नाळ कापल्यास नवजात बाळाला धनुर्वात होऊ शकतो. बाळाला लस देऊन प्रतिपिंडे तयार होईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून लस आईला दिली जाते. भारतात २०१९ पासून 'टीटी'ऐवजी धनुर्वात व घटसर्प या दोन्हींवरील 'टीडी' लस दिली जाते. पहिली मात्रा गर्भारपणाच्या सुरुवातीस व दुसरी चार आठवड्यांनी घ्यावयाची असते. आधीच्या गर्भारपणात दोन मात्रा घेतल्या असून तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेल्यास एक वर्धक मात्रा पुरते. लसीकरण व सुरक्षित बाळंतपण यांच्या बळावर माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताने २०१५ मध्ये सिद्ध केले. हा जंतू मातीत कायम राहत असल्याने लसीकरण थांबविता येत नाही.

मर्यादा

आईकडे ज्या रोगाची प्रतिपिंडे नाहीत, त्यांपासून बाळालाही संरक्षण नसते. रुबेलाचा संसर्ग गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाल्यास बाळाचे डोळे, हृदय व श्रवणशक्ती यांना इजा होऊ शकते. ही लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असल्याने गर्भवतीस देत नाहीत. ती आधीच घ्यावी लागते.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर देण्यामागे हेही एक कारण आहे. त्याआधी आईची प्रतिपिंडे लस निष्प्रभ करू शकतात. चिकाच्या दुधातील 'आयजीए' प्रतिपिंडे बाळाच्या आतड्याचे रक्षण करतात. म्हणून जन्मानंतर पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे, असे डॉक्टर सांगतात.