आपियाचा आसरा

शुक्रवार, १५ मार्च १८८९. दुपार कलली आहे. सामोआतल्या उपोलू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, आपियाच्या बंदरात, ‘कॅलिओपी’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या डेकवर तुम्ही उभे आहात. पावसाच्या सरींमागे किनाऱ्यावरचे माड मधूनच दिसतात, मधूनच नाहीसे होतात. डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवून खाली बांधले आहेत. बॅरोमीटरचा पारा कालपासून उतरतोच आहे.

बाकीचं वर्षभर हे बंदर निवांत असतं. व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात, उपोलूचे डोंगर ते अडवतात आणि उत्तरेच्या अंगाला जहाजं स्वस्थ डुलत राहतात. पण बंदराचं तोंडही उत्तरेलाच आहे: दोन बाजूंना प्रवाळाचे खडक आणि मध्ये समुद्राकडे उघडणारी वाट. उन्हाळ्यातल्या चक्रीवादळात वारा उत्तरेकडे फिरला की हेच चित्र उलटं होतं. लाटा त्याच वाटेने थेट आत शिरतात, पाठीशी जमीन असते आणि माघार घ्यायला जागा उरत नाही.

असं वादळ येत असेल तर वेळेवर नांगर उचलायचा आणि किनाऱ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, हे इथल्या प्रत्येक कप्तानाला ठाऊक आहे. तरी तुमच्याभोवती बघा: ‘ट्रेंटन’, ‘वँडेलिया’, ‘निप्सिक’ या तीन अमेरिकी युद्धनौका आणि ‘ओल्गा’, ‘आडलर’, ‘एबर’ या तीन जर्मन. सामोआच्या गादीवर कोण बसणार यावरून जर्मनी आणि अमेरिका इथे समोरासमोर उभी आहेत. आपण निघालो आणि ते राहिले तर, या एका धास्तीने कोणीच हलत नाही. ही माणसं अननुभवी असती तर समजून घेता आलं असतं. त्यांना सगळं कळत होतं, याचाच मला अजून राग येतो.

रात्री वारा उत्तरेचा होतो. आता नांगरावर उभ्या असलेल्या जहाजाचं इंजिनही पुढच्या दिशेने चालवावं लागतं, म्हणजे साखळीवरचा ताण थोडा कमी होतो. नाळेपाशी जा आणि साखळीवर तळहात ठेवा. लाट नाळ वर उचलते तेव्हा एरवी झोळासारखी लोंबणारी ती जाड साखळी पहारीसारखी सरळ ताठ होते आणि कड्यांमधलं पाणी तुषार होऊन उडतं. तळाशी नांगर घट्ट रुतलेला असेल तर हाताला नुसता ताण जाणवतो. तो फरफटायला लागला की लोखंडातून खरखर वर येते, दगडावरून काहीतरी ओढत नेल्यासारखी. पहाटेपर्यंत ती खरखर तुमच्या ओळखीची होते.

शनिवारी उजाडता उजाडता ‘एबर’ खडकावर आदळून बुडते. तिच्यावरचे मोजकेच जण वाचतात. पाठोपाठ ‘आडलर’ला एक लाट उचलून खडकाच्या माथ्यावर आडवी टाकते. ‘निप्सिक’ वाळूवर चढवली जाते.

तुमच्यापुढे ‘वँडेलिया’ आहे, बगलेला ‘ओल्गा’ आणि सुकाणूमागे काही फुटांवर खडक. कप्तान हेन्री कोई केन यांच्यापुढे दोनच वाटा आहेत: इथेच फुटायचं, नाहीतर साखळी सोडून देऊन बाहेर पडायचं. नांगर गमावला की परत थांबण्याचा उपाय नाही. सकाळी साडेनवाच्या सुमारास साखळी सुटते.

आता खाली इंजिनघरात उतरा, कारण खरी लढत तिथे आहे. भट्ट्यांमध्ये न्यूझीलंडच्या वेस्टपोर्टचा कोळसा पडतोय. इंजिनिअर हेन्री बर्क यांची नजर दाबाच्या काट्यावर आहे. लाटेवर मागची बाजू उचलली गेली की पंखा पाण्याबाहेर येतो आणि ओझं सुटलेलं इंजिन भन्नाट फिरू लागतं. दर वेळी वाफ आवरायची आणि पंखा बुडताच पुन्हा सोडायची. शांत समुद्रात १४ नॉट पळणारी ही बोट आज तासाला जेमतेम एक मैलभर सरकते आहे. कधी कधी तेवढंही नाही.

वाटेच्या तोंडाशी ‘ट्रेंटन’ आडवी येते. तिच्या भट्ट्या पाण्याने विझल्या आहेत, सुकाणू मोडलं आहे. केन तिच्या अगदी अंगाजवळून जहाज काढतात. आणि त्या डेकवर दाटीने उभे असलेले खलाशी, ज्यांना वाचायची फारशी आशा उरलेली नाही, ते तुमच्यासाठी जयघोष करतात. वाऱ्यातूनही तो ऐकू येतो. ‘कॅलिओपी’वरून त्याला तितक्याच मोठ्याने उत्तर जातं. तुम्हीही ओरडता.

१९ तारखेला तुम्ही परत येता तेव्हा नांगरावर एकही युद्धनौका नाही. ‘वँडेलिया’ बुडाली आणि तिचे कप्तान स्कूनमेकर गेले. ‘ट्रेंटन’ वाहत वाहत तिच्यापाशी आली, आणि ‘वँडेलिया’च्या डोलकाठ्यांना लटकलेल्यांनी तिच्यावर उड्या घेऊन जीव वाचवला. ‘ओल्गा’ वाळूत रुतली आहे. अमेरिकी आणि जर्मन मिळून सुमारे दीडशे माणसं गेली.

आणखी जास्त गेली असती. पण आपियाचे प्रमुख सेउमानुताफा आणि त्यांची माणसं फुटणाऱ्या लाटांमध्ये हात धरून साखळी करून उभी राहिली आणि पाण्याच्या लोंढ्यातून खलाशांना ओढून आणत राहिली. तीनच महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, सामोअन योद्धे जर्मन खलाशांशी लढले होते. दोन्हीकडची माणसं पडली होती. लाटेतून हात वर आला तेव्हा तो कोणत्या देशाचा हे त्यांनी विचारलं नाही.

जूनमध्ये बर्लिनला ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेने तह करून सामोआचा कारभार कसा चालवायचा ते ठरवलं. त्या बैठकीत एकही सामोअन नव्हता.