नाताळच्या भेटकार्डाचा वारसा

नाताळचे पहिले छापील भेटकार्ड १८४३ साली लंडनला निघाले. हेन्री कोल यांच्यासाठी चित्रकार हॉर्सली यांनी मधोमध मेजवानी रंगविली आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देणारे लोक दाखविले. शुभेच्छेला दानधर्माची जोड अशी आरंभापासूनच आहे.

आपल्या देशात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. गरिबालाही ख्यालीखुशाली कळविता येऊ लागली. पुढे गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पुण्यात राहून मरियामातेला साडी नेसविली. स्वकीयांची टीका सोसूनही त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही.

कन्हानच्या आपल्या कुटुंबांनीही परगावच्या मुलाबाळांना यंदा घरीच रंगविलेले कार्ड धाडावे, असे आम्हांस मनापासून वाटते. त्यातील गव्हाणी आपल्याच गोठ्यासारखी असावी.